एक उठता, दोन बसते

फहाहीलच्या त्या इमारतीचा मी रातपाळीचा हारिस.
लिफ्टशेजारी खुर्ची,
फळीवर चाव्यांचे अठ्ठेचाळीस खिळे,
आणि काचेपलीकडे, दूर, रिफायनरीची ज्योत.
रात्री अकराला तिसऱ्या मजल्यावरची एर्लिंडा
कचऱ्याची पिशवी घेऊन उतरायची.
म्हातारीचा डोळा लागलेला असला
की घटकाभर पायरीवर टेकायची,
मांडीवर लोकर.

मी म्हटलं, मलाही शिकव.
ती हसली नाही.
दुसरी सुई काढून दिली,
टोकाला आकडा, गळासारखा.

आधी साखळी. तीनने भाग जाईल एवढी, वर दोन टाके.
मग खांब.
साधा घालायचा तर खालच्या ओळीच्या माथ्यात सुई.
उठता घालायचा तर माथा सोडायचा,
खांबाच्या कमरेमागून सुई न्यायची,
गर्दीत ओळखीच्या माणसाला
न बोलता बाजूला घ्यावं तशी.

एक उठता, दोन बसते. वळव.
दोन उठते, एक बसता. वळव.
ती मोजायची इसा, दलावा, तत्लो,
मी मोजायचो एक, दोन, तीन,
आणि दोघांचेही आकडे एकाच टाक्यावर संपायचे.
आमच्या खोलीत आम्ही तिघं,
एक कामावर तेव्हा दोघं आडवे,
म्हणून हिशेब डोक्यात चटकन बसला.
बोटांना मात्र रमजान उजाडला.

पहिल्यांदा कडेचा खांब दर ओळीला निसटत गेला.
चौकोन निमुळता होत होत
दाभोळच्या होडीचं शीड झालं.
तिनं ते ट्यूबलाइटपुढे धरलं, एक टोक शोधलं,
आणि ओढलं.
तीन आठवडे सर्र करून उसवले.
उसवलेली लोकर सरळ होत नाही.
प्रत्येक चुकीची वळी तिच्या अंगात राहते,
पुन्हा विणताना बोटांना लागते.

बावा जाळी दुरुस्त करायचे, खाडीकडे पाठ करून.
म्हणायचे, जाळं म्हणजे डोळे रे,
सूत नुसतं पापणी.
ही वीणही डोळ्यांचीच, पण डोळ्यांना तळ आहे.
चारी बाजूंनी उठते खांब, मध्ये खळगा,
त्यात हवा येते
आणि निघायचं विसरते.
ऊब लोकरीत नसते,
हे मला पन्नाशीला, सत्तेचाळीस डिग्रीत, कळलं.

सत्तेचाळीस बाहेर. वर तिसऱ्या मजल्यावर
ए.सी. दिवसरात्र,
आणि म्हातारीचे पाय ऑगस्टातही गार.
एर्लिंडाचं ब्लँकेट तिच्यासाठी होतं,
ओल्या वाळूच्या रंगाचं.

एका रात्री कचरा उतरला नाही.
दोनला अँब्युलन्स आली, मी लिफ्टचं दार धरून उभा.
चौथ्या दिवशी एजन्सीची गाडी,
एर्लिंडाकडे एकच सूटकेस.
तिनं टेबलावर पिशवी ठेवली,
अर्धं ब्लँकेट, सात गुंडे, सुई ओळीत तशीच अडकवलेली.
कुठे चाललीस, एवढं विचारायला
माझ्याकडे अरबी जमेपर्यंत
गाडी बकाल्याच्या कोपऱ्यावरून वळली होती.

आता मी पुढे विणतो.
तिचा हात घट्ट, माझा सैल.
जिथं ती थांबली
तिथून ब्लँकेट दोन बोटं रुंद झालंय.
उसवून सारखं करावं असं एकदा मनात आलं.
मग चहा केला.

मोजतो मात्र तिच्या आकड्यांत.
इसा, दलावा, तत्लो.
चौथा तिनं शिकवलाच नाही.
या विणीला तो लागतही नाही.

पहाटे पाचला एक नवं कुटुंब आलं, बॅगांसकट,
पोरगं बापाच्या खांद्यावर झोपलेलं.
तिसरा मजला, म्हणाले.
मी दोन उठते घातले होते, एक बसता बाकी होता.
तो घातला.
मग उठून चावी काढली.